खर्ज लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

बुलेट दारात आली की नंबर प्लेटच्या आधी पुंगळीचा विचार करावा, असा नांदेड-लातूरकडचा अलिखित नियम आहे. मिस्त्री पाना घेऊन तयारच असतो, त्यामुळे या कामाला मार्गदर्शन कशाला, असं वाटेल. पण लागतं. पुंगळी, म्हणजे सायलेन्सरच्या आतली नळी, काढणाऱ्याला हवा असतो खर्ज आणि त्याच्या पदरी पडते बोंब. दोन्ही गोष्टी नांदेडच्या तरोडा नाक्यापर्यंत ऐकू जातात, म्हणून त्या एकच असल्याचा समज पसरला आहे. साधकाने आधी तो सोडावा.

प्रथम नाद कुठून येतो ते पाहावं. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. गाडी जागेवर मिनिटाला हजार फेऱ्यांनी धडधडत असेल, तर सेकंदाला साधारण आठ ठोके पडतात. सेकंदाला वीसच्या खालची कंपनं कानाला सूर म्हणून कळत नाहीत, म्हणून बुलेटचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात आणि मालकाची छाती फुगते. पण व्हॉल्व्ह उघडताच बाहेर पडणारी दाबाची लाट गुळगुळीत नसते. तिच्यात जाड आवाजाबरोबर पुष्कळ तिखट, उंच आवाज मिसळलेले असतात. सायलेन्सरमधले कप्पे आणि भोकांची नळी हा तिखट भाग आपटून आपटून जिरवतात. लांब लाटेचा जाड भाग त्यांना सहजी आवरत नाही, तो बाहेर येतो. म्हणजे ज्या गंभीरपणासाठी पुंगळी काढायची, तो गंभीरपणा पुंगळीच तयार करत होती. ती काढल्यावर खर्ज फारसा वाढत नाही. त्याच्या डोक्यावर आरडाओरडा तेवढा चढतो. ज्यांना खरोखर जाड आवाज हवा, त्यांनी सायलेन्सर मोकळा न करता मोठा करावा: जास्त लांबी, जास्त पोकळी, आत जास्त अडथळे. गॅरेजमध्ये ही मागणी करून पाहावी. मिस्त्री चहा मागवेल आणि विषय बदलेल.

फटाक्यांचे शौकीन इथे हरकत घेतील की आम्हाला खर्ज नकोच, आम्हाला ‘फायरिंग’ हवी. ठीक. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत धुराची वाट मोकळी केली आणि जेट तसाच ठेवला, की मिश्रण विरळ होतं. मूठ सोडली की इंजिनात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत पेटतं आणि बार उडतो. परभणी-नांदेडकडचा पेट्रोलचा भाव राज्यातल्या चढ्या भावांपैकी असताना ते चाक फिरवण्याऐवजी नळीत जाळणं हा दानशूरपणाच आहे.

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा: आवाज मोठा असला की लोक बाजूला होतात. होतात, पण कोण? सायलेन्सरचं तोंड मागे असतं. पुढे काच लावून एसीत बसलेल्या ड्रायव्हरला तो आवाज सर्वांत शेवटी पोचतो. खरा लाभ मागून येणाऱ्याला, आणि त्याला बुलेट तशीही दिसत असते. तिसरा युक्तिवाद जुन्या बुलेटचा. तिचा आवाज आठवून डोळे भरून येणाऱ्यांनी हेही आठवावं की तिचा पिस्टन नव्वद मिलिमीटर लांब फेरी मारायचा, फ्लायव्हील जड होतं आणि इंजिन सावकाश फिरायचं. खर्ज त्या संथपणात होता, आणि तिलाही कंपनीचा सायलेन्सर होताच.

राहिला ‘वरातीतला डीजे चालतो, मग आम्हीच का?’ हा मुद्दा. तो बिनतोड आहे, फक्त त्यातून डीजे बंद करावा एवढंच निघतं.

तरीही काढायचीच असेल तर खर्चाचा अंदाज असावा. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाच्या मर्यादेसाठी कलम १९० वेगळं आहे: पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. इस्पितळ, शाळा आणि कोर्टाभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आणि लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत साधना करणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. तिथली पोरं नीटसाठी याहून अवघड आकडे पाठ करत असतात. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त सायलेन्सर रांगेत मांडून त्यांवरून रोलर फिरवला आहे. त्या वेळी मात्र पत्रा चेपल्याचा आवाज खरोखर खर्जातला येतो.

आवाजाला मालकी हक्काची किंमत असते, हे हार्ले-डेव्हिडसनने १९९४ साली आपल्या ठोक्यासाठी ट्रेडमार्कचा अर्ज करून दाखवलं. सहा वर्षं भांडून कंपनीने तो मागे घेतला. तिच्या वकिलांची फी आयटीआय चौकात पंधराशेच्या नळीसाठी घासाघीस करणाऱ्याला परवडण्यातली नव्हती.

शेवटची सूचना व्यवहाराची. नळी बदललीच, तर कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नये. तेलाचा हात फिरवून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावा. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक तीस हजारांनी भाव पाडताना सर्वांत आधी तोच मागेल.