पाटीला लागला तर चौकार

पुण्यात म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे नदीकाठाने एक रस्ता जातो. कडेला लग्नाची लॉन्स, मुहूर्ताच्या दिवशी घोड्यांची आणि बँडवाल्यांची दाटी. या रस्त्याला सगळे डीपी रोड म्हणतात. औंधात एक डीपी रोड आहे, कोथरूडला आहे. डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, आपला विकास आराखडा. बाकीचे रस्ते थोरामोठ्यांची नावं मिरवतात, आणि हे बापडे ‘आम्ही नकाशात होतो’ एवढीच ओळख सांगतात. नकाशातला रस्ता खरोखर जमिनीवर उतरला, या नवलाईतच बारशाचं राहून गेलं असावं. कारण हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. त्याच पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यात शहराला वळसा घालणारा पस्तीसएक किलोमीटरचा मोठा मार्ग आखलेला आहे. तो आखला त्या वर्षी जन्मलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना शाळेत सोडायला निघतात आणि पहिल्याच सिग्नलला अडकतात. मार्ग अजून कागदावरच आहे. तिथे त्याच्यावर एक खड्डा नाही.

ज्या घरात संध्याकाळी भाजी कुठली करायची यावर एकमत होत नाही, अशा हजारो घरांनी मिळून वीस वर्षांनंतरचं गाव ठरवावं, अशी गोड अपेक्षा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याने आपल्याकडून केली आहे. नगररचनेचा कायदा देशात पहिल्यांदा झाला तोही आपल्या मुंबई इलाख्यात, १९१५ साली. म्हणजे भविष्याची रंगीत तालीम आपण चांगली शंभरावर वर्षं करतो आहोत. तालीम रंगीत, हे अक्षरशः. राहण्याच्या जागेला पिवळा रंग, दुकानांना निळा, कारखान्यांना जांभळा, बागांना हिरवा. पण रंग भरायचे तर आधी आज कुठे काय आहे ते टिपून घ्यावं लागतं, आणि तिथे गाव सहकार्य करत नाही. आमच्या आळीत एक घर होतं. पुढच्या पडवीत पिठाची गिरणी, मागे स्वयंपाकघर, माडीवर संस्कृतच्या शिकवण्या, गच्चीवर बचत गटाचे पापड. मोजणीला आलेला तरुण मुलगा त्या दारात पेन्सिल घेऊन बराच वेळ उभा राहिला. गिरणीवाल्या काकूंनी त्याला पाणी दिलं, वर पापडही दिला, आणि म्हणाल्या, ‘लिहा काहीही. आम्ही कुठे जातोय?’ त्याने पिवळा भरला.

मुंबईसारख्या महानगरात हेच मोठ्या मापाने होतं. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथला नवा आराखडा प्रसिद्ध झाला, आणि त्यात इतक्या चुका निघाल्या की दोनच महिन्यांत मुख्यमंत्र्यांनी तो पुन्हा करायला सांगितला. अखेर २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. २०३४ पर्यंतची मुंबई त्यात आहे. मला मात्र राहून राहून पॅट्रिक गेडिस आठवतात. हा स्कॉटिश म्हातारा १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. गाव पाडून सरळ करण्यापेक्षा गल्लीबोळांतून पायी हिंडावं, काय जगवता येईल ते पाहावं, अगदीच अडेल तेवढंच काढावं, असं त्याचं सांगणं. होळकरांच्या इंदुरात प्लेगच्या दिवसांत त्याने दिवाळीत मिरवणूक काढली; तीत प्लेगचा राक्षस होता, मोठा थोरला उंदीर होता. नगररचनाकार मिरवणुकीत चालतोय हे दृश्य आज डोळ्यांपुढे आणून पाहावं. आता ड्रोन फिरतो. त्याला पापड देता येत नाही.

आराखड्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे आरक्षण. कुणाच्या तरी रिकाम्या जमिनीवर मंडई, कुणाच्या परड्यावर दवाखाना, असं नकाशात ठरतं. मग हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते. सुनावणीला आलेला प्रत्येक जण घरून सांगून आलेला असतो की गावाला रुंद रस्ता हवाच, फक्त तो पलीकडून न्यावा. पलीकडचे नेमके त्याच बाकावर शेजारी बसलेले असतात.

आमच्या गावात अण्णांच्या जागेवर भाजी मंडईचं आरक्षण पडलं. चिंचेचं एक झाड, उतरता बांध, आणि नगरपालिकेने ठोकलेली लोखंडी पाटी: सदर जागा आरक्षित आहे. अण्णांना ती विकता येईना, तिच्यावर बांधता येईना. मुलीच्या लग्नाला त्यांनी पतपेढीचं कर्ज काढलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की पाटीला चेंडू लागला तर चौकार आणि चिंचेत अडकला तर बाद. मंडई यायची होती, ती येतच होती. तोवर तिथे गणपतीचा मांडव पडला, फटाक्यांचे स्टॉल लागले, एकदा सर्कस उतरली आणि तिचा उंट दोन दिवस चिंच खात राहिला. नियोजनकारांनी जे काही आमच्यासाठी योजलं होतं त्यात एवढं सुख नव्हतं. ते आम्हाला निधी नसल्यामुळे मिळालं. त्याची किंमत एक माणूस ओट्यावर बसून भरत होता, आणि वर आमचे रनआउटही तोच देत होता.

कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा अंमलात आल्यावर दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. मग ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उठतं. अण्णांची दहा वर्षं कधीच उलटली होती. धाकटे भाऊ वकिलांकडून मसुदा टाइप करून घेऊन आले. अण्णांनी तो चष्मा लावून वाचला, वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पंचांगात घातला. ‘परीक्षा होऊ देत पोरांच्या,’ म्हणाले. परीक्षा दरवर्षी होतात.

सुधारित आराखडा आला तो अण्णांच्या माघारी. त्यात मंडई दुसरीकडे गेली होती आणि अण्णांच्या जागेवर नवं आरक्षण होतं: खेळाचं मैदान. या खेपेला मात्र निधी आला. वारसांना मोबदला मिळाला, चांगला मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. भिंत झाली, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक झाला, फाटकाला कुलूप लागलं. जुनी पाटी काढून नवी लावली आहे, स्टीलची. वेळ सकाळी ६ ते ९. मैदानात क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे.