अक्षरांची रांगोळी
ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू या मोफत टीव्हीसेवेवरचा कार्यक्रम रेकॉर्ड केला की हाती येणारी टीएस फाइल म्हणजे एकत्र कुटुंब. चित्र, एक-दोन आवाज, सबटायटल, सगळी मंडळी एका छपराखाली. जाहिराती कापून तिची सुटसुटीत एमपी४ करायला गेलं की वाटण्या सुरू होतात. एफएफएमपेग हे फुकटचं अवजार एक चित्र, एक आवाज उचलतं आणि सबटायटलला न सांगता मागे ठेवून चालू लागतं. 'मॅप शून्य' असं बजावलं तर सगळ्यांना घेऊन निघतं, पण एमपी४ सबटायटलला दारातच अडवतं. कारण डीव्हीबी या डिजिटल प्रसारणपद्धतीची ही सबटायटल म्हणजे अक्षरं नव्हेतच, अक्षरांची चित्रं. तुम्हाआम्हाला वाचता येतात. संगणकाच्या लेखी ती रांगोळी.

जुनं टेलिटेक्स्ट बरं होतं. बीबीसीच्या सीफॅक्सवर ८८८ नंबरचं पान लावलं की सबटायटलची खरीखुरी अक्षरं यायची. ते २०१२ साली बंद झालं. प्रगती!

एमकेव्ही हा दुसरा फाइलप्रकार मात्र धर्मशाळा. रांगोळीलाही जागा देते. पण एकदा माझी कात्री जरा तिरकी लागली आणि सबटायटल चित्राच्या मागे पडली. कार्यक्रम रहस्यकथेचा. खुनी बेड्या घालून गाडीत बसला, आणि खाली उमटलं, 'दार उघडं कसं?' ऐकू कमी येणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पोलीस जरा मंदच दिसतात तुमच्याकडचे."