पवनीचे टिपणीस

पवनीत त्यांना सगळे टिपणीस म्हणतात. खरं आडनाव रेशनकार्डावर आहे, आणि ते तिथेच राहतं. हे नाव 'सिंहासन'ची देणगी. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली काढलेल्या त्या चित्रपटात निळू फुल्यांनी दिगू टिपणीस हा पत्रकार केलाय. आमच्या माणसानं तो भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी खांद्यावर शबनम आली. आत एक डायरी, अडकित्ता आणि बरेचदा वांगी.

ते नागपूरच्या एका दैनिकाचे तालुका वार्ताहर. मानधनाचा विषय निघाला की ते पावसाचा काढतात. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची: वाढदिवस, निधन, नियुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि पंधरा ऑगस्टची पुरवणी. बातम्या ठरलेल्या. धानाचे चुकारे रखडले, शिवारात वाघ दिसला, आणि पावसाळ्यात 'गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले'. ही शेवटची तर मोबाइलमध्ये तयारच असते. तारीख आणि विसर्गाचा आकडा बदलला की झालं.

पण जीव अडकलाय तो घोटाळ्यात. आणि घोटाळाही कसा, दाराशीच! १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केलेलं गोसेखुर्द. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. एवढा ऐवज तालुक्यात असताना आपण वांगी वाहतो, ही त्यांची खंत.

मग भाच्यानं 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'ची सीडी आणली. वॉटरगेट, निक्सन, अंधाऱ्या पार्किंगमध्ये भेटणारा खबऱ्या. पवनीत तळघरातलं पार्किंग कुठून आणायचं? टिपणिसांनी किल्ल्याचा जुना दरवाजा नक्की केला. रात्री दहाला तिथे सिंचन खात्यातला एक कारकून येणार होता. आलाही. आजूबाजूला पाहून कानाशी लागला, "साहेब, पोरीचं साक्षगंध हाय. फोटोसकट लागंल काय जी?"

लागला. दोन कॉलम.

शेवटी त्यांनी माहितीचा अधिकार लावला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पानाला दोन रुपये. गठ्ठा असा आला की सायकलच्या कॅरिअरवर मावेना. निविदा, सुधारित अंदाजपत्रकं, मोजमाप पुस्तिकेच्या अर्धवट काळ्या झेरॉक्स. सिनेमात नायक तीन पानं उलटतो आणि कॅमेरा नेमका त्या सहीवर थांबतो. टिपणिसांनी तीन महिने पानं उलटली. कॅमेरा आलाच नाही. मी म्हटलं, "अहो, त्याच सिनेमात ते दोघं ग्रंथालयात बसून चिठ्ठ्यांचे ढीग चाळतात ना? माझ्या मते तोच सगळ्यात खरा प्रसंग." ते म्हणाले, "तो मी फॉरवर्ड केल्ता."

इथे त्यांची खरी पंचाईत झाली. सिनेमातला घोटाळा अंधारात असतो, आमचा चव्हाट्यावर होता. २०१२ मध्ये विजय पांढरे या मुख्य अभियंत्यानं सिंचनातल्या कारभारावर मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्र लिहिलं, ते स्वतःच्या नावानं, हुद्द्यानं, सहीनिशी. ना अंधार, ना सिगारेट. असा खबऱ्या पडद्यावर कोण घेईल? त्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला आणि टिपणीस पेढे घेऊन आले. डिसेंबरात पवारांनी पुन्हा शपथ घेतली. पेढ्यांचा डबा अजून परत केला नव्हता.

'सिंहासन'च्या शेवटी राजकारण बघून बघून दिगू रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. टिपणिसांनी तो मुहूर्त साधला. शपथविधीच्या संध्याकाळी एसटी स्टँडवर, भंडारा गाडीसमोर, आकाशाकडे तोंड करून ते हसले. चांगलं मिनिटभर. पानठेल्यावाल्यानं विचारलं, "लॉटरी लागली का जी?" कंडक्टरनं विचारलं, "बसता का?"

ते बसले नाहीत. माझ्याकडे आले आणि बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "सिनेमातला तो खबऱ्या सांगते ना, पैशाचा माग काढा?" हे वाक्य मूळ पुस्तकात नाहीच, पटकथाकार विल्यम गोल्डमननं घातलंय, हे मला सांगायचं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसलो. "काढला मी. कालव्याच्या कामापासून निंगालो. ठेकेदार, मंग त्याची पंधरा ऑगस्टची फुल पेज जाहिरात, आन् मंग..."

"मग?"

"मंग माहं कमिशन."

अडकित्ता थांबला. बाहेर त्यांची सायकल उभी होती, कॅरिअरला गठ्ठ्याची सुतळी तशीच लोंबत.

परवा रात्री मी त्यांच्याकडे बसलो होतो. वैनगंगेवर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली. फोन वाजला. टिपणिसांनी दिवा बारीक केला, आवाज खाली आणला.

"बोला. ...उघडले? ...किती?"

माझ्याकडे पाहून त्यांनी हळूच तीन बोटं दाखवली. दोनदा.