तळघराला पाणी लागलं

पारनेर तालुक्यात ‘पाणी लागलं’ ही पेढे वाटायची बातमी. त्यामुळे बंगल्याच्या तळघरात भिंतीवर पहिल्यांदा ओल दिसते, तेव्हा तोंड कसं करावं हेच घरमालकाला कळत नाही. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसाचा हा मुलूख. इथे पाण्यावर रागवायला कुणी शिकवलेलंच नाही.

ओल सगळ्यात आधी कळते ती म्हाताऱ्या माणसांना. त्यांनी पेवं पाहिलेली असतात. मुरमात खणलेल्या पेवात पाणी झिरपलं की ज्वारीला धरणारा आंबूस वास त्यांच्या नाकाला ओळखीचा असतो. आजी दुसऱ्याच पायरीवर थांबून म्हणते, ‘‘कुबट येतंय रे.’’ मुलगा म्हणतो, ‘‘बंद असतं म्हणून.’’ हे ‘बंद असतं म्हणून’ दोन-तीन पावसाळे आरामात चालतं. मग भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसू लागते. हा लोणा. माती-विटांतले क्षार पाण्यात विरघळून भिंतीतून बाहेर येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. झाडला की जातो, थोड्या दिवसांनी परत हजर. पुढे रंगाचे पोपडे सुटतात आणि त्या जागी पतसंस्थेचं कॅलेंडर लागतं. ऑक्टोबरातच डिसेंबरचं पान फुगलेलं दिसलं की मात्र कॅलेंडरचाही इलाज संपला म्हणायचा.

आता घरात दोन पक्ष पडतात: ओल हवेची आहे की जमिनीची? भांडण मिटवायला हातभर प्लॅस्टिकचा कागद पुरतो. चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो भिंतीवर बंद करायचा आणि दोन दिवस थांबायचं. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर दमट हवा थंड भिंतीवर निवते आहे. खिडकी उघडा, पंखा लावा. कागदाच्या आत, भिंतीकडे जमले तर पाणी मागून येतंय, त्याला पंखा काय करणार? केसासारखी उभी चीर बहुधा गिलाव्याची असते, तिच्यापायी झोप घालवू नये. भिंतीच्या मध्यावर आडवी चीर धरली, तर मात्र भिजून फुगलेली काळी माती भिंतीला आत ढकलत असू शकते. तेव्हा रंगाऱ्याला नाही, इंजिनिअरला बोलवावं.

पाणी येतं कुठून? पाऊस मुरमातून खाली उतरतो आणि घट्ट काळ्या खडकावर अडतो. तिथेच आपण मुरूम फोडून खड्डा केलेला, म्हणजे चौकोनी विहीरच की! भोवती भरलेली माती भुसभुशीत, पाण्याला आयती जागा. म्हणून कधी कधी हस्ताच्या सरी थांबून आठवडा उलटल्यावर कोपऱ्यात पाणी साचतं आणि मालक गळका नळ शोधत फिरतो. याच तालुक्यात राळेगणसिद्धीला १९७५ पासून अण्णा हजारे आणि गावकऱ्यांनी चर खणून, नाले अडवून पाणी जिरवलं, विहिरी वर आल्या, सगळ्या महाराष्ट्राने कौतुक केलं. जिरलेलं पाणी पुढे सातबारा बघून थांबत नाही, एवढंच.

आतून रंग मारून ते थांबेल असं वाटत असेल तर निघोजला जाऊन यावं. कुकडीने दगडगोटे गरगर फिरवून कातळात कोरलेले रांजणखळगे पाहिले की डब्यातल्या रंगाबद्दल फारसा आदर उरत नाही. इलाज बाहेरून. गच्चीचं पाणी घरापासून लांब सोडायचं, अंगणाचा उतार बाहेर काढायचा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर भिंतीलगत खणून शहाबादी फरशीची पेटी करायची. ती खरं तर बांधकामातच बसवायची असते, पण तेव्हा सगळं लक्ष जिन्याच्या कठड्याच्या नक्षीवर असतं.

आता खणायचं तर जमीन कोरडी हवी, म्हणून मिस्त्री मे महिन्यात येतो. दारात टँकर उभा, मालक हातात पाइप घेऊन पाळीत. मिस्त्री अदबीने सांगतो, ‘‘तात्या, पाणी अडवायचं काम हाय. ह्याच महिन्यात उरकून टाकू.’’

तात्या आभाळाकडे बघतात. ‘‘आधी पडू तर दे.’’