रात्रीची खाज : लक्षणे, कारणे आणि नातेवाईक

दीड-दोन वर्षांच्या मुलाला सुटणाऱ्या खाजेची वेळ ठरलेली असते. दिवसभर ते अंगणात लोळते, शेळीच्या करडामागे धावते, तेव्हा तिचा पत्ता नसतो. रात्री घरातली माणसे अंथरुणाला पाठ टेकतात आणि कराकरा आवाज सुरू होतो. यामागे शरीराची व्यवस्था आहे. रात्री त्वचेकडे रक्त अधिक वाहते, ती तापते, तिच्यातला ओलावा जास्त उडतो आणि दाह आटोक्यात ठेवणारे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रात्री किमान पातळीवर असते. शिवाय अंधारात मुलाला दुसरा उद्योग नसतो. त्यामुळे ‘रात्रीच खाजवतंय’ एवढ्यावरून निदान होत नाही. बहुतेक सर्व प्रकारची खाज रात्रीच वाढते. निदान होते ते दोन प्रश्नांनी : कुठे खाजवते, आणि घरात आणखी कोण खाजवते. पहिल्याचे उत्तर मूल स्वतः देते. दुसऱ्याचे कुणीच देत नाही.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात तपास या प्रश्नांनी सुरू होत नाही. तो ‘उष्णता असंल की’ या वाक्याने सुरू होतो. उष्णतेवर सब्जा दिला जातो. सब्जाने न भागल्यास मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते. मीठ-मोहऱ्यांनी त्वचेला अपाय होत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पुढे येणाऱ्या काही उपायांबद्दल तसे म्हणता येणार नाही.

उष्णता खरोखरच असू शकते, पण ती पोटात नसून अंगावर घातलेली असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर आहे आणि इथली हवा थंड असल्याचा गावाला अभिमान आहे. या अभिमानाचा भार मुलाला वाहावा लागतो : कानटोपी, स्वेटर, वर वाकळ, आणि हे सारे मार्च संपेपर्यंत. मान, काख, पाठ अशा घाम साचणाऱ्या जागी बारीक पुरळ दिसले तर ते घामोळे. कपडे कमी करणे हा त्यावरचा उपाय. तो फुकट असल्याने त्यावर फारसा कुणाचा विश्वास बसत नाही.

कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागे किंवा गालांवर कोरडे, खरखरीत, लालसर चट्टे असतील तर संशय इसबावर घ्यावा. अशा मुलाच्या आईवडिलांपैकी एखाद्याला दमा किंवा सकाळी शिंकांची सर येण्याची सवय बहुधा असते. थंडीत इसब वाढते आणि तेव्हाच बंबातले कढत पाणी, डाळीचे पीठ लावून खसाखसा चोळणे व वर लोकरीचे घोंगडे असा तिहेरी लाड सुरू होतो. त्वचेवरचा उरलासुरला स्निग्धांश त्यात निघून जातो. कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, अंग टिपल्यावर लगेच त्वचा मऊ ठेवणारे मलम आणि आत सुती कपडा, एवढ्याने अर्धी खाज उतरते. निपाणीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तंबाखूच्या वखारीतून किंवा विड्या वळून घरी आलेली आई पदर न झटकता मुलाला कडेवर घेते. तंबाखूची भुकटी अशा त्वचेला आणखी चेतवते. आधी लुगडे बदलावे, मग पोर घ्यावे.

याच तंबाखूचे पाणी उकळून खाजेवर लावण्याचा सल्ला देणारा एखादा जाणता भेटू शकतो. त्याला चहा पाजून वाटेला लावावे. निकोटिन त्वचेतून शरीरात शिरते. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या धडधाकट मजुरालाही त्याने चक्कर व उलट्या होतात. दहा-बारा किलोच्या मुलाचा तिथे काय पाड.

ढेकणांचे प्रकरण सोपे, पण अब्रूचे आहे. उघड्या अंगावर ओळीने तीन-चार गांधी उठल्या असतील तर गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या फटी बॅटरीने पाहाव्यात. काळे ठिपके सापडले की गुन्हेगार सापडला. ‘आमच्यात ढेकूण न्हाईत’ हे विधान घरोघरी केले जाते. ढेकणांना ते ठाऊक नसते.

मूल ढुंगण खाजवत असेल, रात्री दचकून रडत असेल, तर सुतासारखे पांढरे जंत असण्याची शक्यता मोठी. मादी सुमारे एक सेंटिमीटर लांब असते. मूल झोपल्यावर ती गुदद्वारापाशी बाहेर येते आणि हजारो अंडी घालते. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी लंगोट सोडून बॅटरीच्या उजेडात पाहिले तर ती दिसूही शकते. नाहीतर सकाळी धुण्याआधी तिथे सेलोटेप चिकटवून ती दवाखान्यात न्यावी. अंडी नखांत जातात आणि नखे तोंडात जातात, म्हणून चक्र चालू राहते. आजी याचे खापर गोडावर फोडते, पण बेळगावचा कुंदा या बाबतीत निर्दोष आहे. केंद्र सरकारने 2015 पासून 10 फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन ठरवला आहे; अंगणवाडीत एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी चुरून देतात. गोळी जंत मारते, अंडी मारत नाही. त्यामुळे खाज असलेल्या घरात डॉक्टर दोन आठवड्यांनी दुसरा डोस देतात, आणि तोही साऱ्या घराला.

इथून खरजेचा प्रांत सुरू होतो. तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवती पुटकुळ्या, आणि लहान मुलात डोक्यावरही, असे दिसले की बाकीचे संशयित बाजूला ठेवावेत. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणून अंडी घालत पुढे सरकते. हा बोगदा पाहण्याची जुनी युक्ती शाईची. संशयित जागी फाउंटन पेनची शाई चोळायची आणि ओल्या बोळ्याने पुसून काढायची. बोगदा असेल तर शाई आत राहते आणि त्वचेवर वेडीवाकडी निळी रेघ उमटते. मूल मात्र स्थिर धरता आले पाहिजे. नाहीतर रेघ आजोबांच्या धोतरावर उमटते.

किड्याचा शोध कुणी लावला याची कथा शिकलेल्यांनी ऐकण्यासारखी आहे. 1687 मध्ये जोव्हान कोसिमो बोनोमो या इटालियन वैद्याने किडा पाहून लिहून ठेवला. त्याचे लक्ष तिकडे गेले ते गरीब बायका मुलांच्या कातडीतून टाचणीने काहीतरी काढताना दिसल्या म्हणून. वैद्यकाला ते पटायला 1834 उजाडले. त्या वर्षी कॉर्सिकाचा रेनुची नावाचा विद्यार्थी पॅरिसमध्ये गेला आणि आपल्या गावच्या बायका काढतात तसा किडा सुईने काढून त्याने तिथल्या नामवंतांना दाखवला.

एका माणसाच्या अंगावर हे किडे साधारण दहा-पंधराच असतात. एवढ्यांनी इतकी खाज सुटते, कारण खाज त्यांच्या चालण्याची नसते. किडा, त्याची अंडी व विष्ठा यांचे शरीराला वावडे येते त्याची असते. पहिल्या खेपेला हे वावडे तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून मूल आज खाजवत असेल तर मागचा महिना-दीड महिना आठवावा लागतो. या भागात आठवण हमखास एखाद्या लग्नापाशी, महालक्ष्मीच्या यात्रेपाशी किंवा आजोळापाशी पोचते, जिथे झाडून सारी पोरे एकाच वाकळेत झोपली होती. आजोळ बहुतेकदा राज्याच्या हद्दीपलीकडच्या कागल-गडहिंग्लजकडचे असते. कोरोनाच्या काळात कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय माणसाला सोडत नसत. खरजेला असा कागद कधीच लागला नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. खरूज कुठल्या बाजूने आली, हा वाद दोन व्याह्यांत त्याहून लांबण्याची क्षमता राखून असतो, आणि उपचारासाठी त्याचा निकाल लागण्याची गरज नसते.

उपचार म्हणजे पाच टक्के परमेथ्रिनचे मलम. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे ते रात्री लावून सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. मोठ्यांना मानेपासून तळपायापर्यंत. लहान मुलाला डोळे व तोंड सोडून डोक्यालाही. मूल बोटे चोखत असेल तर हातांत मोजे घालावेत. खरी अडचण मलमाची नसून माणसांची आहे. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री ते लावायचे असते. विचारल्यावर खाज कुणालाच नसते. काका नाही म्हणतानाच मनगट खाजवत असतात. आजोबांच्या मते मलम पोरांसाठी असते. आजी लावून घेते आणि लगेच दूध तापवायला उठून हात धुते. तिच्या हातांना ते पुन्हा लावावे लागते.

त्याच दिवशी कपडे आणि पांघरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायची. वाकळ हा यातला अवघड विषय. घटस्थापनेच्या आधी वेदगंगेवर नेऊन आपटता येते, पण जुलैत धुतली तर बेळगावच्या पावसात ती दसऱ्यापर्यंत ओलीच राहील. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ती आठवडाभर कोपऱ्यात ठेवली तरी चालते. माणसाच्या अंगावाचून किडा दोन-तीन दिवसांपलीकडे तग धरत नाही.

दुकानदाराने परस्पर दिलेली, ‘सगळ्यावर चालते’ अशी ख्याती असलेली मिश्र मलमे टाळावीत. त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. खाज दोन दिवस दबते, पुरळाचा चेहरामोहरा बदलतो आणि नंतर डॉक्टरांनाही ओळख पटत नाही. पू झाला, खपल्या धरल्या किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वर्षाच्या आतल्या मुलाच्या बाबतीत तर घरचे प्रयोग अजिबात नकोत.

उपचार नीट झाला तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, कारण मेलेल्या किड्यांचे अवशेष कातडीत राहतात. त्या काळात पुन्हा पुन्हा मलम थापल्याने नुसती आग होते. त्यानंतरही नव्या पुटकुळ्या येत असतील तर घरातला एकजण सुटलेला असतो. बहुतेकदा तो त्या रात्री रानात पाणी पाजायला गेलेला असतो. त्याला गाठून मलम लावावे, आणि बाकीच्यांनाही त्याच रात्री पुन्हा.