वऱ्हाडात ओपन माइक: इच्छुकांसाठी सूचना

मुंबई-पुण्यात स्टँडअप कॉमेडी हा व्यवसाय आहे. अमरावती-अकोल्यात तो आगाऊपणा ठरण्याचा संभव असतो. समोर बसलेला प्रत्येक जण पानठेल्यावर रोज हेच काम फुकट करतो, आणि माइक आपल्याऐवजी तुमच्या हातात का, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आधी भाषेचं बघावं. पुस्तकी मराठीत बोललात तर लोक रेल्वेची उद्घोषणा ऐकावी तसं ऐकतील. म्हणून 'मले-तुले' करायची हौस येईल, ती आवरावी. दुसऱ्याच वाक्याला मागून विचारणा होते, "भाऊ, तुमी नेमके कुठचे?" इथे खरं गाव सांगून मोकळं व्हावं. विनोदी नट भारत गणेशपुरे अमरावतीचेच. त्यांचा तो संथ, कंटाळलेला सूर घरचा आहे. टीव्ही पाहून तो उचलता येत नाही.

कार्यक्रम बहुधा एखाद्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर असतो. अकोल्याचा मे महिना, पारा पंचेचाळिशीला. कूलर चालू ठेवला तर पंचलाइन ऐकू येत नाही, बंद केला तर ऐकायला माणूस राहत नाही. तेव्हा कूलरजवळच्या पोट्ट्याशी आधीच बोलून ठेवावं, म्हणजे पंच आला की तो बटण बंद करेल. मात्र कोणत्या विनोदासाठी कूलर थांबवायचा हे तो स्वतःच ठरवतो, आणि त्याचा निवाडा सहसा बरोबर निघतो.

पुढच्या रांगेतला माणूस हसत नाही म्हणून खचू नये. त्याच्या तोंडात खर्रा आहे. तो हसला तर शेजाऱ्याचा शर्ट जातो. त्याची दाद भुवयांतून येते: दोन्ही उडाल्या तर उत्तम, एकच उडाली तर विनोद आधी ऐकलेला आहे. मध्येच उठला तर टेबलाकडे पाहावं. गाडीची चावी तिथेच असेल तर थुंकायला गेला. नसेल तर गेला.

विषय निवडताना जपावं. अमरावती-अकोला रस्त्याच्या खड्ड्यांवर कैक वर्षं हमखास हशा मिळायचा. जून 2022 मध्ये लोणी ते माना या टप्प्यात, एका मार्गिकेच्या हिशेबानं, 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला, गिनीज बुकात नोंद झाली आणि विनोदाचा पिढीजात धंदा पाच दिवसांत बुजला. मूर्तिजापूरची शकुंतला एक्सप्रेस उरते. स्वातंत्र्यानंतरही तिचे रूळ खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाडी बंद पडली, विनोद चालूच आहेत. पण तिच्यावर सभागृहातल्या प्रत्येकाकडे तुमच्यापेक्षा बरा किस्सा आहे, कारण त्याचा आजा तिच्यातून उतरून, पाणी पिऊन पुन्हा तिलाच गाठायचा म्हणे.

आता क्राउडवर्क, म्हणजे समोरच्या श्रोत्यांशी सवाल-जवाब. ही कला अमेरिकेतून आली असं इथे चुकूनही म्हणू नये. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसाला थेट सवाल टाकायचे आणि नवसा-बकऱ्याचा फोलपणा त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. 1956 साली ते गेले, पण सवालाला जवाब द्यायची सवय मागे राहिली. त्यावर 'मिर्झा एक्सप्रेस' या विनोदी कार्यक्रमानं आणि शंकर बडे यांच्या 'बॅरिस्टर गुलब्या' या एकपात्रीनं हा श्रोता आणखी तयार करून ठेवला. अशा माणसाला तुम्ही मोबाइलवर शिकून आलेला प्रश्न विचारता:

"काका, काय करता?"

"तुमाले आयकून राह्यलो न बापा. दुसरं काय करतो?"

हशा उसळतो. तो काकांचा असतो. इथे नवखा चेकाळतो, काकांच्या टकलाकडे वळतो आणि संपतो. जाणत्यानं माइक काकांपुढे धरावा. त्यांची पाच मिनिटं तुमच्याच सेटमध्ये मोजली जातात, आणि तुमच्याकडे तेवढा मजकूर नव्हताच.

मानधनाचं विचारू नये, चहा मिळतो. तो पिताना कोणीतरी खांद्यावर हात ठेवून अभिप्राय देतं, "बाकी सगळं बराबर होतं भाऊ, फक्त हसाचंच राहून गेलं." हे वाक्य तिथल्या तिथे लिहून घ्यावं. अमरावतीत मिळालं असेल तर पुढच्या आठवड्यात अकोल्याचा सेट त्याच्यावरच उघडावा. मात्र ते आपलंच म्हणून खपवू नये. म्हणणाऱ्याचा साळा अकोल्यातच राहतो, आणि तो पुढच्या रांगेत बसलेला असतो.