बदलीच्या गावी मतदार होऊ पाहणाऱ्यांसाठी सूचना

नोकरी गडचिरोली जिल्ह्यात, आईवडील बीडकडे आणि नाव अजून गावच्याच मतदारयादीत, अशा गुरुजनांसाठी या सूचना आहेत. तलाठी आणि आरोग्यसेवकांनाही त्या लागू पडतील.

सर्वप्रथम आपण राहतो कुठे, हे ठरवावे. घरभाडे भत्त्यापुरते आपण मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी राहता. तसा ग्रामसभेचा ठराव फायलीत लावलेला आहे. प्रत्यक्षात तालुक्याला खोली करून रोज अपडाऊन चालते. आणि मतदानाचा विषय निघाला, की वडिलांच्या घराचा उतारा बाहेर येतो. १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा मात्र ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ कुठले ते विचारतो, आणि नुसते मालकीचे घर असल्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, असे कलम २० सुरुवातीलाच सांगून टाकते. तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास जात नाही, हे त्यापुढचे वाक्य मात्र पाठ करावे. दहा वर्षे एकाच शाळेवर असलात तरी बिघडत नाही. आंतरजिल्हा बदली यंदा होणारच आहे, तेव्हा आपण तात्पुरतेच.

आपणही सरकारचेच नोकर, मग फौजेतल्या भावासारखी टपाली मतपत्रिका आपल्यालाही मिळावी, असा अर्ज करू नये. सेवा मतदार म्हणजे सैन्यदलातले, आपल्या राज्याबाहेर तैनात असलेले सशस्त्र पोलीस, किंवा भारत सरकारच्या परदेशातल्या पदांवरचे. पहिली ते चौथीचा वर्ग एकट्याने सांभाळणे यात अद्याप धरलेले नाही.

उरतो सरळ मार्ग. नमुना ८ भरावा, नाव इकडे आणावे. घाईत नमुना ६ उचलू नये. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. दोन मतदारसंघांत नाव ठेवायला कलम १७ची मनाई आहे आणि खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद.

नमुना ८ सोपा आहे. अवघड आहे भावकी. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्याच यादीवरून होते, त्यामुळे इकडे नाव आणले की सरपंचाच्या निवडणुकीतले मतही गेले. चुलत्यांचे पॅनेल दोन मतांनी पडले, तर ती दोन मते कोणत्या नवराबायकोची, हे लग्नाच्या पंगतीतही ऐकावे लागेल. आमदार कोणीही होवो, तो पंगतीत शेजारी बसत नाही. म्हणून बहुतेकांचा नमुना ८ भरून तयार असतो आणि सहीवाचून कपाटात राहतो.

पण लोकसभा-विधानसभेला ड्यूटी लागते, तेव्हा हिशेब उलटतो. नाव याच मतदारसंघात असेल, तर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घेऊन ज्या केंद्रावर ड्यूटी त्याच केंद्रावर यंत्राचे बटण दाबता येते. नाव बीडकडे असेल, तर नमुना १२, आदेशाची प्रत, प्रशिक्षणाच्या हॉलमधली रांग आणि सुविधा केंद्रावरचे टपाली मतदान. ज्यांनी नमुना १२ ‘उद्या देतो’ म्हणून खिशात ठेवला, त्यांनी दिवसभर इतरांच्या बोटांना शाई लावावी.

आता शेवटची सूचना, बीएलओचे काम लागलेल्या गुरुजींसाठी. घरोघर फिरताना सासरी आलेल्या सुनेला ‘माहेरच्या यादीतलं नाव अजून तिकडंच का?’ असे दरडावून विचारावेच लागते. तिने उलट ‘गुरुजी, तुमचं नाव कोणत्या यादीत?’ असे विचारल्यास रजिस्टराचे पान उलटावे आणि घरात अठरा पूर्ण झालेले कोणी आहे का, याची चौकशी करावी.